सेनिओचा पल्याडचा काठ



युद्धातील शौर्याची गोष्ट निघाली की आपणां मराठी माणसांच्या डोळ्यांपुढे गड उभा राहतो. दोर, कडा, घोरपड, बुरुजावरचा पहारा, हे सारे चित्र आपल्या रक्तातच भिनलेले आहे. पाणी मात्र आपल्याला सहसा आठवत नाही. वस्तुतः शत्रू ज्या काठावर दबा धरून बसला आहे त्या काठावर पाण्यातून चालत जाऊन पाऊल टेकणे, याहून कठीण काम युद्धशास्त्रात फार थोडे असेल. कडा चढणाऱ्याला कपारीचा आसरा मिळतो, झुडपाची आड मिळते, अंधार त्याचा सोबती असतो. पाण्यातून येणाऱ्याला आड ती कशाची? अंगावरचे कपडे भिजून जड झालेले, तळाच्या गाळात पाय रुतलेले, हत्यार दोन्ही हातांनी वर धरलेले. माघार घ्यावी म्हटले तर पाठीशी पुन्हा तेच पाणी.

६ जून १९४४ रोजी नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर दोस्तांच्या फौजा उतरल्या, त्याची वर्णने आपण वाचली आहेत आणि चित्रपटांतूनही पाहिली आहेत. आपल्या लोकांनाही असे प्रसंग आले. ६ नोव्हेंबर १९१४ रोजी इराकच्या दक्षिण टोकाला फाव येथे जी हिंदी फौज उतरली ती सहाव्या पुणे डिव्हिजनची होती, आणि तिच्या पहिल्या ब्रिगेडमध्ये ११७ वी मराठा पलटण होती. तेथे प्रतिकार थोडा झाला. त्याच आठवड्यात पूर्व आफ्रिकेत टांगा बंदरावर उतरलेल्या हिंदी फौजेला मात्र हार खाऊन पुन्हा जहाजे गाठावी लागली. १८ डिसेंबर १९६१ रोजी गोव्याच्या मुक्तिसंग्रामात अंजदीव बेटावर आपले नौसैनिक उतरले, तेव्हा त्यांच्यावर गोळीबार झाला आणि सात जण कामास आले. पण आज आम्ही ज्याची हकीकत सांगणार आहोत तो समुद्रावरचा वीर नव्हे. त्याच्या वाट्याला आली ती एक नदी, आणि तीही अवघी पंधरा फूट रुंद.

तिकडे वळण्यापूर्वी एक जुनी आठवण. जंजिऱ्याच्या सिद्दीवर मोहीम झाली त्या वेळची लाय पाटलाची कथा परंपरेने चालत आली आहे. हा सोनकोळी रात्रीच्या वेळी होड्यांतून गेला आणि त्याने जंजिऱ्याच्या तटाला शिड्या लावल्या. मागून मोरोपंतांची माणसे यायची होती. ती वेळेवर आली नाहीत. उजाडायची वेळ झाली, शिड्या काढून पाटलाला परतावे लागले. छत्रपतींनी त्याला पालखीचा मान देऊ केला. दर्यात फिरणाऱ्याला पालखी काय कामाची म्हणून त्याने ती नाकारली, तेव्हा महाराजांनी गलबत बांधवून दिले आणि त्याचेच नाव ‘पालखी’ ठेवले, असे सांगतात. या कथेत आम्हांला पालखीपेक्षा शिड्या महत्त्वाच्या वाटतात. पहिला माणूस पल्याड पोचला तरी काम निम्मेच होते. मागचे पोचले तरच तो काठ आपला. हे सूत्र ध्यानात असू द्यावे, पुढे त्याचा उपयोग होणार आहे.

आता नगर जिल्ह्याकडे येऊ. आज त्या जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर असे झाले आहे, पण आमची हकीकत जुन्या काळातली आहे, म्हणून जुनेच नाव वापरतो. आपल्या यवतहून उत्तरेला निघाले, मुळा-मुठा ओलांडली, पुढे भीमा ओलांडून शिरूर तालुक्यात गेले आणि घोडनदी उतरली की नगरची हद्द लागते. म्हणजे परका मुलूख नव्हे, शेजारच्या जिल्ह्यातलाच हा माणूस. निमज गावी १८ नोव्हेंबर १९२१ रोजी त्याचा जन्म झाला. नाव नामदेव यशवंतराव जाधव. ज्या गावात तुकोबांच्या पालखीचा मुक्काम पडतो आणि काळभैरवनाथाच्या देवळात वारकऱ्यांना पिठलं-भाकरी वाढली जाते, त्या गावाला नामदेव हे नाव कोणत्या घरात ठेवले जाते हे आम्ही सांगायला नको.

हा नामदेव पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पहिल्या बटालियनमध्ये शिपाई होता. ही पलटण १७६८ सालची. पलटणीतले लोक तिला ‘जंगी पलटण’ म्हणतात. दुसऱ्या महायुद्धात ती आठव्या हिंदी डिव्हिजनबरोबर इटलीत गेली. १९४३ च्या सप्टेंबरात ही डिव्हिजन इटलीच्या टाचेशी टारांटोला उतरली, आणि तेथून पुढे तिच्या नशिबी नद्याच नद्या आल्या. इटलीच्या मधोमध डोंगराची रांग आहे, आपल्या सह्याद्रीसारखी. तिच्यातून निघालेल्या नद्या पूर्वेच्या समुद्राला मिळतात. दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकणाऱ्या फौजेला दर काही कोसांवर एक नदी आडवी. एक ओलांडावी तो जर्मन मागे सरून दुसरीच्या पल्याड खणून बसलेले. अशा रीतीने १९४५ चा जानेवारी उजाडला आणि आघाडी सेनिओ नावाच्या नदीवर येऊन थबकली. तीन महिने ती तेथेच राहिली.

सेनिओ म्हणजे कशी नदी? भीमेसारखे विशाल पात्र कल्पिले तर चूक होईल. नामदेवाची कंपनी जेथे उतरली तेथे ती पंधरा फूट रुंद आणि चार-पाच फूट खोल होती. गावाजवळून खडकवासल्याचा कालवा गेला आहे तो आपण रोज पाहता. त्याच्याहून ती रुंद नव्हती म्हणा ना. पोहता येणाऱ्या पोराला तिचे भय वाटू नये. भय होते ते तिच्या बांधांचे. त्या सपाट प्रदेशात पुराचे पाणी शेतांत पसरू नये म्हणून नदीच्या दोन्ही अंगांना मातीचे प्रचंड बांध घातलेले आहेत. त्यांची उंची तीस ते पस्तीस फूट, म्हणजे तीन मजली वाड्याएवढी, आणि चढ भिंतीसारखा उभा. या बांधांच्या पोटात जर्मनांनी उंदराच्या बिळांसारखी विवरे कोरली होती. त्यांत माणसे राहत, त्यांतूनच मशीनगनची तोंडे बाहेर डोकावत. पूर्वेच्या बांधाच्या आतल्या अंगाला, विवरांच्या वरच्या बाजूस, सुरुंगांचा पट्टा पेरलेला. म्हणजे पाण्यातून वर आलेल्या माणसासमोर भिंत, भिंतीत बंदुका, आणि बंदुकांच्या वर सुरुंग. कालव्याच्या भरावावरून आपण सायंकाळी फिरायला जातो, तेव्हा क्षणभर हे चित्र मनात आणून पाहावे.

९ एप्रिल १९४५ ही हल्ल्याची तारीख ठरली. दुपारी आठशेच्या आसपास बॉम्बफेकी विमाने त्या प्रदेशावरून गेली. मग तोफखाना सुरू झाला, थांबला, पुन्हा सुरू झाला. ही मोठी चतुर योजना होती. तोफा थांबल्या की हल्ला आला असे समजून जर्मन विवरांतून बाहेर येत, आणि तोच पुन्हा मारा सुरू होई. असे अनेकदा झाले. अखेर विमानांनी एक फेरी बॉम्ब न टाकता केली, जेणेकरून शत्रूने डोके खाली घालून ठेवावे. आगीचे लोट फेकणाऱ्या गाड्या काठाशी आल्या. संध्याकाळी, दिवस मावळायच्या सुमारास, पायदळ निघाले. एवढा सगळा खटाटोप केल्यावर पल्याड जिवंत असे काही उरले नसेल, असे कोणालाही वाटावे. पण मातीच्या पोटात दडलेल्या माणसाला बाहेरून मारणे सोपे नसते. हा धडा पहिल्या महायुद्धापासून सेनापतींना मिळत आला आहे आणि प्रत्येक वेळी त्याची किंमत शिपायांनी मोजली आहे.

सान पोलितो नावाच्या गावाच्या उत्तरेस मराठ्यांच्या एका कंपनीला पूर्वेचा बांध घ्यायचा होता. नंतर तीन मिनिटांनी दुसरी कंपनी त्याच वाटेने पुढे जायची होती. श्रोत्यांनी हा तीन मिनिटांचा आकडा विसरू नये.

नामदेव हा कंपनीचा रनर होता. रनर म्हणजे निरोप्या. बिनतारी यंत्रे असत, पण ती ऐन वेळी बंद पडत, पाण्यात भिजत, वाहणारा पडला की त्याच्याबरोबर पडत. म्हणून कंपनी कमांडरच्या पाठीशी एक चपळ माणूस असे. साहेबाने सांगितलेले तोंडी वा चिठ्ठीने पोचवायचे आणि उत्तर घेऊन यायचे, हे त्याचे काम. लष्कराच्या उतरंडीत हे पद कोणाच्या डोळ्यांत भरणारे नाही. हुकूम देणे त्याच्याकडे नाही, मोर्चा घेणेही नाही. नामदेव त्या दिवशी तेवीस वर्षांचा होता.

पुढच्या तुकडीच्या अगदी मागे कंपनी कमांडर आणि त्याच्याबरोबरची माणसे पाण्यात शिरली. ती पूर्वेच्या काठाला लागून वर येऊ लागली तोच बांधाच्या आतल्या अंगाच्या निदान तीन मोर्चांतून एकदम मारा सुरू झाला. कमांडर आणि दोन माणसे जखमी झाली. बाकीची सर्व ठार झाली. अंगाला ओरखडा न लागता उभा राहिला तो एकटा नामदेव.

येथे आम्ही थोडे थांबतो, कारण या घटनेचे मर्म याच क्षणात आहे असे आम्हांला वाटते. निरोप्याचे काम निरोप देणाऱ्यापाशी बांधलेले. देणाराच जखमी होऊन पडला. कोणता हुकूम उरला? कोणी पाहणारे तरी उरले होते काय? पाण्याच्या कडेला आडवे होऊन अंधाराची वाट पाहिली असती तर कोणत्याही कोर्टाने त्याला दोष दिला नसता. कितीतरी चांगल्या शिपायांनी अशा वेळी तेच केले आहे आणि त्यात लाज नाही.

त्याने एका जखमी माणसाला उचलले. खोल पाण्यातून, बांधाच्या उभ्या चढावरून, सुरुंगांच्या पट्ट्यातून त्याला सुरक्षित जागी नेऊन ठेवले. माणूस उचलून नेणे काय असते हे शेतावर काम करणाऱ्याला विचारावे. धान्याचे पोते पाठीवर स्थिर राहते, जखमी माणूस राहत नाही. भिजलेल्या गणवेशासह त्याचे वजन घेऊन ओल्या मातीच्या भिंतीवर चढायचे, पाऊल कोठे पडते ते दिसत नाही, आणि ते सुरुंगावर पडले तर दोघेही संपले. उखळी तोफांचा आणि मशीनगनचा मारा तर चालूच होता. एकाला ठेवून तो पुन्हा खाली गेला आणि दुसऱ्यालाही घेऊन आला.

येथवरचे त्याचे कृत्यही मोठ्या पदकाला पुरेसे होते. पण ती तीन मिनिटे आता सरत आली होती, किंवा सरलीही होती. मागच्या कंपन्या अडून राहिल्या होत्या, कारण ज्या मोर्चांनी पहिल्यांना कापून काढले तेच मोर्चे पुढची वाट रोखून बसले होते. लाय पाटलाच्या शिड्या लागल्या तरी मागची माणसे आली नाहीत. सेनिओवर मागची माणसे यायला तयार होती, पण त्यांना शिडीच उरली नव्हती. नामदेव तिसऱ्यांदा त्या उघड्या बांधावरून गेला, एकटा. सर्वांत जवळच्या मोर्चावर त्याने टॉमीगन चालवली आणि तो मोर्चा गप्प केला. तेवढ्यात त्याच्या हाताला गोळी लागली. बंदूक चालवता येईना, तेव्हा त्याने ती फेकून दिली आणि हातबॉम्ब घेतले. त्यांनी दुसरा मोर्चा आणि तिसराही मोर्चा नष्ट केला. मध्येच बॉम्ब संपले, तेव्हा रांगत बांधाच्या माथ्यावर गेला, पलीकडच्या उतरणीवर आडोशाला असलेल्या सोबत्यांकडून आणखी बॉम्ब घेतले आणि पुन्हा परतला.

हा बॉम्ब मागून आणण्याचा भाग वाचताना आम्हांला प्रत्येक वेळी नवल वाटते. बेभान झालेला माणूस मागे वळून शिदोरी मागत नाही. शौर्याला आपण ‘वेड’ म्हणतो, कवी ‘उन्माद’ म्हणतात. या माणसाच्या कृतीत मात्र चोख क्रम दिसतो: आधी जिवंत सोबती, मग बंदुका, एक हत्यार निकामी झाले तर दुसरे, ते संपले तर आणखी आणणे. सरकारी गौरवपत्रात त्याने मेलेल्या सोबत्यांचा सूड घेण्याचे ठरवले असे म्हटले आहे. असेलही. पण गौरवपत्रे अधिकारी लिहितात आणि त्यांना वीराच्या मनात ठरावीक भावना घालण्याची सवय असते. आम्हांला तर त्या संध्याकाळी कामाचा माणूस काम करताना दिसतो.

बांधावरच्या मशीनगन बंद झाल्यावर तो माथ्यावर चढून उभा राहिला. उखळी तोफांचे गोळे पडतच होते. तेथून त्याने मराठ्यांची युद्धगर्जना केली. आज पलटणीत ‘बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय’ ही गर्जना आहे, ती आपल्या सर्वांच्या कानांत आहे. आणि हात हलवून त्याने मागच्यांना बोलावले. निरोप्यानेच शेवटी निरोप दिला, फक्त या खेपेस तो कोणी सांगितलेला नव्हता. कंपन्या आल्या. दोन्ही काठ हाती राहिले, बटालियनने पल्याड आपली जागा वाढवली, आणि त्या भागातला जर्मन प्रतिकार कोसळला. त्याच दिवशी त्याच डिव्हिजनच्या तेराव्या फ्रंटियर फोर्स रायफल्समधील शिपाई अली हैदर याने थोड्या अंतरावर असाच पराक्रम केला. तीन आठवड्यांनी, २ मे रोजी, इटलीतले जर्मन सैन्य शरण आले.

नामदेवाला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. तो जून १९४५ मध्ये जाहीर झाला. १८५६ साली सुरू झालेले हे पदक १९११ पर्यंत हिंदी शिपायाला मिळूच शकत नव्हते, हे जाता जाता सांगून ठेवतो. इटलीच्या मोहिमेत एकूण वीस व्हिक्टोरिया क्रॉस दिले गेले, त्यांपैकी सहा हिंदी फौजेच्या वाट्याला आले आणि त्या सहांपैकी दोन मराठा पलटणींचे. दुसरे होते कुलाबा जिल्ह्यातील पळसगावचे यशवंत घाडगे. १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात ते लढता लढता पडले. मोंतोने या इटालियन गावाने २०२३ साली त्यांच्या नावाने एक सूर्यघडी उभारली आहे.

आता तो प्रश्न, जो आमच्या समोर बसलेल्या कित्येकांच्या ओठांवर आला असेल. हे युद्ध कोणाचे? पदक कोणाच्या राणीच्या नावाचे? नामदेव सेनिओच्या पाण्यात उतरला त्याच्या थोडे आधीपर्यंत त्याच्याच जिल्ह्यात, नगरच्या भुईकोट किल्ल्यात, काँग्रेसचे पुढारी बंदिवासात होते. ऑगस्ट १९४२ पासून जवाहरलाल, वल्लभभाई, मौलाना आझाद, आचार्य नरेंद्र देव, शंकरराव देव हे सारे तेथे होते. जवाहरलालांनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ तेथेच लिहिले. साताऱ्यात नाना पाटलांचे प्रतिसरकार चालू होते, आणि त्याच साताऱ्याची माणसे पलटणींतही होती. पंचवीस लाखांचे ते हिंदी सैन्य स्वेच्छेने भरती झालेले होते असे सांगतात. ते खरे आहे. पण दुष्काळी पट्ट्यातल्या कोरडवाहू जमिनीच्या तुकड्यावर भावाभावांत वाटणी झाली की ‘स्वेच्छा’ या शब्दाचा अर्थ काय उरतो, हे भीमेच्या दोन्ही काठांवरच्या लोकांना कोणी समजावून द्यायला नको.

पूर्वी आमच्यातही असे म्हणणारे होते, आणि आज आहेत, की ती भाडोत्री फौज, तिचे कौतुक कशाला. उलट काही जण पदकाचे नाव निघताच इतके भारावतात की ते कोणत्या सत्तेने दिले हे विसरून जातात. आम्हांला दोन्ही गोष्टी पटत नाहीत. किल्ल्यातल्या बंदीवानांचा लढा न्याय्य होता, आणि ज्या सरकारने त्यांना डांबले त्याच सरकारचा गणवेश नामदेवाच्या अंगावर होता. हे सत्य गिळून टाकण्याचे कारण नाही. पण त्याच्या तीन खेपांपैकी पहिल्या दोन खेपांत कोणता राजा होता? त्यांत पाण्याकाठी पडलेली दोन जखमी माणसे होती. तिसऱ्या खेपेत शत्रू होता, आणि तो शत्रूही साधासुधा नव्हता. युरोपात माणसांना वंश पाहून भट्टीत घालणारी ती राजवट होती, हे आज आपल्याला पुरते ठाऊक आहे.

आणखी एक गोष्ट. सेनिओच्या त्या संध्याकाळीनंतर बरोबर तीन वर्षांनी, एप्रिल १९४८ च्या त्याच दिवसांत, नौशेरा-राजौरीच्या रस्त्यावर सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे माऱ्याखाली सुरुंग काढत होते. ते कारवारकडचे. त्यांना परमवीर चक्र मिळाले, आणि तेही पूर्वी ब्रिटिशांच्याच हिंदी सैन्यात ब्रह्मदेशात लढलेले होते. माऱ्याखाली पुढच्यांची वाट मोकळी करण्याची ती विद्या नव्या प्रजासत्ताकाला आयती मिळाली. ती कोठे आणि कोणत्या किमतीने शिकली गेली, याचा हिशेब अशा नद्यांच्या काठी मांडलेला आहे. इटलीत फोर्ली गावी हिंदी सैनिकांची स्मशानभूमी आहे. ज्यांना अग्नी दिला गेला अशा सातशेहून अधिक जणांची नावे तेथील स्मारकावर कोरलेली आहेत. आपल्याकडे पुणे आणि सातारा जिल्ह्यांतील कित्येक चावड्यांवर पहिल्या महायुद्धाच्या संगमरवरी पाट्या आहेत. त्यांवर गावातून किती गेले आणि किती परतले नाहीत यांचे आकडे आहेत, पण नावे नाहीत. कधी एखाद्या चावडीत गेलात तर त्या पाटीवरची धूळ पुसून ती वाचा, एवढी आमची विनंती.

नामदेव जाधव परत आले. पुढे ते हवालदार झाले. २ ऑगस्ट १९८४ रोजी त्यांचे निधन झाले, पुण्यात, येथून आगगाडीने तासाभराच्या वाटेवर.